चालत्या गाडीतला फोन

वाहन चालवताना मोबाईल हातात धरायचा नाही असा कायदा आहे, हे आता गावोगाव ठाऊक झाले आहे. तो पाळला जात नाही, हेही सर्वांना ठाऊक आहे. जिल्हा बैठकांना आमचे बहुतेक कार्यकर्ते मोटारसायकलवर येतात आणि त्यांतले कित्येक जण खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून, मान वाकडी करून येतात. विषय काढला की दोन उत्तरे मिळतात. पहिले, 'एवढ्याशा फोनने काय होते?' दुसरे, 'सरकारला दंडाचे पैसे हवेत, दुसरे काय?' दोन्हींचा एकदा सरळ हिशोब केला पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक अंतर तोडते. आलेला निरोप वाचायला पाच सेकंद लागले, तर तेवढ्यात ती ८० मीटरच्या पुढे गेली. एक एकराचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याची बाजू सुमारे ६४ मीटर भरते. म्हणजे बांधापासून बांधापर्यंत, आणि त्याच्याही पुढे, गाडी डोळे मिटून चालवल्यासारखीच झाली. ट्रॅक्टर हळू चालतो हे खरे. पण त्याच्यामागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या असतात, बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, आणि उशिरा दाबलेला ब्रेक तिथे फारसा उपयोगी पडत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. महाराष्ट्राचा वाटा १५,२२४ जणांचा. मोबाईलचा वापर हे कारण ज्या अपघातांत नोंदले गेले, त्यांत ३,३९५ जण गेले. अपघातानंतर फोन ओढ्यात पडलेला असतो नाहीतर कुणाच्या तरी खिशात गेलेला असतो. पंचनाम्यात 'भरधाव वेग' लिहिणे सोपे पडते. तेव्हा ३,३९५ हा आकडा पुरा आहे असे मानायला आमचे मन तयार नाही.

आता कायदा नेमके काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात हातात धरलेल्या संपर्क साधनाचा वापर स्पष्ट शब्दांत घातला गेला. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडला तर दंड दहा हजार आणि कैद दोन वर्षांपर्यंत. महाराष्ट्राने वाढीव दंड लगेच लावले नाहीत. ते डिसेंबर २०२१ मध्ये आले. १ ऑक्टोबर २०२० पासून एक सवलत आहे: रस्ता शोधण्यापुरता फोन वापरता येतो, मात्र चालकाचे लक्ष विचलित होता कामा नये.

कायद्यात स्पष्ट शब्द असणे का महत्त्वाचे, हे केरळच्या एका प्रकरणावरून कळते. मे २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने असे ठरवले की गाडी चालवताना फोनवर बोलणे एवढ्याच कारणावरून त्या राज्याच्या पोलीस कायद्याखाली गुन्हा लावता येणार नाही, कारण त्या कायद्यात तशी मनाई लिहिलेलीच नाही. इंग्लंडातही असेच घडले. तिथे १ डिसेंबर २००३ पासून हातातल्या फोनला बंदी होती, पण कायद्यात संभाषणाची, संपर्काची भाषा होती. एका चालकाने गाडी चालवताना फोनवर अपघाताचे चित्रीकरण केले, आणि २०१९ साली तिथल्या उच्च न्यायालयाने ते या कलमात बसत नाही असे सांगितले. मग २५ मार्च २०२२ पासून कायदाच बदलावा लागला. जे लिहिलेले नाही त्यासाठी नागरिकाला धरता येत नाही, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी टिकले, आणि ते टिकलेच पाहिजे.

आता दुसरे उत्तर. उठल्याबसल्या निर्बंधांविरुद्ध बोलणाऱ्या आम्ही या निर्बंधाला मान का द्यावी? शेतकऱ्याने माल कुठे विकावा, कुणाला विकावा, हे सरकारने ठरवू नये असे आम्ही म्हणतो, कारण त्या व्यवहारात नफा-तोटा त्याचा स्वतःचा असतो. रस्त्यावरचा हिशोब वेगळा आहे. फोनवर बोलणारा एक आणि मरणारा दुसराच, असे तिथे घडते. शाळेतून परतणारी पोर, डोक्यावर भारा घेतलेली बाई, सायकलवरचा मजूर, यांनी त्या फोनला संमती दिलेली नसते. स्वातंत्र्य हवे असेल तर ते दुसऱ्याच्या अंगावर घालता येत नाही. हे बंधन आम्ही मानतो, आणि पोलीस उभा नसतानाही मानले पाहिजे असे म्हणतो.

पण मानतो म्हणजे त्यातले दोष झाकतो असे नाही. पहिला दोष, कायद्याचा सगळा भर हातावर आहे. कानात बोंडे घालून बोलले की सुटका. १९९७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये टोरांटोच्या ६९९ चालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फोनवर असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवून बोलणाऱ्यांचा धोका कमी आहे असे काही दिसले नाही. हात मोकळे असले तरी मन बाजार समितीत भावाची घासाघीस करत असते. कायद्याने सूट दिली म्हणून धोका सुटत नाही.

दुसरा दोष, दंडाचा बोजा सगळ्यांना सारखा नाही. हजार रुपये म्हणजे मजुराची दोन-तीन दिवसांची कमाई, आणि मोठ्या गाडीवाल्याचा एका वेळच्या जेवणाचा खर्च. परवान्याचे तसे नाही; तो गेला की दोघेही पायी. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ सालीच राज्यांना सांगितले होते की या गुन्ह्यासाठी परवाना किमान तीन महिने निलंबित करा. इंग्लंडात २०० पौंड दंडाबरोबर परवान्यावर सहा गुण चढतात, आणि नव्या चालकाचा परवाना पहिल्या दोन वर्षांत तेवढ्यानेच रद्द होतो. आमच्याकडे पैसे भरले की प्रकरण मिटले, आणि पावती न घेता दिले तर आणखी स्वस्तात मिटले. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. तो देणारा अपघातालाच सवलत देत असतो.

यंत्राने चलन आले तर पुरावा मागा. २०२१ च्या नियमाप्रमाणे गुन्हा आणि गाडीचा क्रमांक स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, तारीख, वेळ आणि ठिकाण नोटिशीत असायला हवे. ते नसेल, किंवा गाडी तुमची नसेल, तर हरकत घ्या. खरोखर चूक झाली असेल, तर मात्र दंड मुकाट्याने भरा.

आणि अपघातात माणूस गेला तर गोष्ट चलनावर थांबत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली हयगयीने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वीच्या दंड संहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती. फोनवर बोलणारा स्वतःच मेला, तर त्याची हयगय दाखवून घरच्यांच्या भरपाईला कात्री लावली जाते. विमा नसलेल्या ट्रॅक्टरच्या मालकाने तर जमीन विकायची तयारी ठेवावी.

शेवटची गोष्ट फोन करणाऱ्यांची. ट्रॅक्टरवाल्याला मुकादम फोन करतो, 'कुठवर आलास?' टेंपोवाल्याला व्यापारी करतो. मोटारसायकलवरच्या मुलाला आई करते. कायद्याचा हात या लोकांपर्यंत पोहोचत नाही. आपला पोहोचू शकतो. समोरचा गाडीवर आहे हे कळले की 'थांबल्यावर कर' एवढे म्हणून फोन ठेवावा. बैठकीचे निरोप देणाऱ्या आमच्या तालुका प्रमुखांनी याची सुरुवात करावी. बैठकीला दहा मिनिटे उशिरा आलेला कार्यकर्ता आम्हाला चालेल. त्याच्या दशक्रियेला जाण्याची पाळी आम्हाला नको आहे.