'आराम करा' म्हणणं सोपं, पण दम्याच्या माणसाला चालवणार कोण?

पोस्ट थोडी मोठी आहे, पण ज्यांच्या घरात धाप लागणारं माणूस आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे कुणाला चालताना दम लागायला लागला की अख्खं घर एकच काम करतं, त्याला बसवून ठेवतं. माझ्या मामीचं तेच झालं. चाळीस वर्षं चुलीपुढे गेली, आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, तरी निदान झालं सीओपीडी. दवाखान्यातून घरी आल्यावर तांब्यासुद्धा कुणी उचलू देईना. सगळे मायेनंच करत होते. सहा महिन्यांत न्हाणीघरापर्यंत जायलाही आधार लागायला लागला.

यात फुप्फुसांइतकाच दोष पायांचा असतो. दम लागतो म्हणून माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की मांड्यांचे स्नायू वाळतात. मग तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो, भीती वाढते आणि माणूस आणखी बसतो. हार्ट फेल्युअरमध्येही, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झाली की, हेच चक्र फिरतं. एकेकाळी डॉक्टरही अशा पेशंटला अंथरुणात पडून राहायला सांगायचे. ते दिवस कधीच गेले. २००९ साली दोन हजारांहून जास्त हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधं चालू असलेल्या आणि तब्येत स्थिर असलेल्या रुग्णाला बेतशीर व्यायाम सुरक्षित आहे, हे त्यातून दिसलं. फुप्फुसाच्या बाबतीत तर २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ६५ चाचण्या एकत्र तपासल्या. दम कमी होतो, चालण्याची क्षमता वाढते, हे इतकं स्पष्ट होतं की 'उपयोग होतो का' हे तपासायला आणखी चाचण्यांची गरज नाही, असं त्यांनी लिहिलं.

या उपचाराला रिहॅबिलिटेशन म्हणतात. नाव मोठं आहे, सामान साधं आहे. तीस मीटरचा सपाट व्हरांडा, घड्याळ, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, दोन खुर्च्या, हलकी वजनं आणि एक शिकलेला फिजिओथेरपिस्ट. सहा मिनिटांत माणूस किती चालतो ते आधी मोजायचं, त्यावरून व्यायाम ठरवायचा. ओठांचा चंबू करून श्वास हळू सोडायला शिकवायचं, पंप नीट कसा घ्यायचा ते दाखवायचं. आठवड्यातून दोन-तीन वेळा, साधारण आठ आठवडे.

मामेबहीण पुण्यात आहे म्हणून मामीला हे मिळालं. दोन महिने तिच्याकडे राहिली. आज देवळापर्यंत एकदा थांबून जाते. फुप्फुसं होती तशीच आहेत, पाय बदललेत.

आता माझा मुद्दा. ज्यांची मुलगी पुण्यात नाही त्यांनी काय करायचं?

१९९० साली देशात सीओपीडीचे सुमारे २.८ कोटी रुग्ण होते, २०१६ पर्यंत ते साडेपाच कोटी झाले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते, चांगलंच आहे. पण या योजनेचा भर दाखल करून करायच्या उपचारांवर आहे. घरी आल्यावर माणसाला पुन्हा उभं कोण करणार, याचं उत्तर आपल्या तालुक्यात तरी मला सापडलं नाही.

काही जण म्हणतील, 'चालायला सरकार कशाला? घरीच चाला की!' अहो, ज्याला दहा पावलांवर जीव जाईल असं वाटतं, तो एकटा चालत नाही. त्याला शेजारी ऑक्सिमीटर घेऊन उभं राहणारं आणि 'एवढा दम लागला तरी चालतं, आता थांबा' हे सांगणारं माणूस लागतं. 'जिल्ह्याला जा' हेही उत्तर नव्हे. आठवड्याला तीन म्हणजे चोवीस खेपा. पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट आहे, पण सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो त्याचं काय?

म्हणून मागणी साधी आहे. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून तीन सकाळी फिजिओथेरपिस्ट आणि एक व्हरांडा द्या. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी ऑक्सिमीटर फिरले होते, ते कुठल्या कपाटात आहेत ते शोधा. दम्याचा किंवा हृदयाचा पेशंट घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'आराम' न लिहिता किती आणि कसं चालायचं ते लिहा. रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय यावा म्हणून मी अर्ज देतोय. सोबत सह्या हव्यात.

एक मात्र लक्षात ठेवा. ही पोस्ट वाचून उद्यापासून कुणाला पळवू नका. आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, पायाची सूज वाढत असेल तर व्यायाम नाही, थेट दवाखाना.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव टाका. किती गावं होतात ते बघू, आणि ती यादीच अर्जाला जोडू.