आकडा त्यांच्या मेनूवर, हिशेब आपल्या ताटाचा

परवा एका मॉलमध्ये गेलो होतो. खायला नाही. आपला एक कार्यकर्ता तिथनं मोटरसायकलवर पार्सलं पोचवतो, त्याला अंकाचा गठ्ठा द्यायचा होता. तो ऑर्डरीची वाट बघत उभा, मीही उभा. समोर बर्गरच्या दुकानाचा झगझगीत फलक. प्रत्येक पदार्थाखाली किंमत आणि किंमतीशेजारी बारीक अक्षरात आणखी एक आकडा. मी विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, "कॅलऱ्या. लोक जाड होऊ नयेत म्हणून." मग हसला. "मी सकाळपासून चहा-खारीवर आहे. माझ्या कॅलऱ्या कुठं लिहिल्यात?"

हा अग्रलेख त्या प्रश्नाचा आहे.

शिव्या नंतर देऊ. आधी कायदा समजून घेऊ. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली नियम केले आणि मेनूबाबतचा भाग १ जुलै २०२२ पासून लागू झाला. ज्या हॉटेलांकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांची दहा वा जास्त ठिकाणी दुकानं आहेत, त्यांनी प्रत्येक पदार्थात किती कॅलरी आहेत ते मेनूवर छापायचं. सोबत एक वाक्य लावायचं : सरासरी सक्रिय प्रौढाला दिवसाला २,००० कॅलरी लागतात, मात्र गरज कमीजास्त असू शकते. ही कल्पना इथली नव्हे. न्यूयॉर्क शहरात ती २००८ साली लागू झाली, साऱ्या अमेरिकेत मे २०१८ मध्ये, इंग्लंडात एप्रिल २०२२ मध्ये.

मी या पाटीच्या विरोधात नाही, हे स्वच्छ सांगतो. विकत घेणाऱ्याला आत काय आहे ते कळलंच पाहिजे. ज्ञान झाकून ठेवणं हा ज्यांचा हजारो वर्षांचा धंदा, त्यांच्या रांगेत आपण उभं राहणार नाही. साखरेचा आजार आता फक्त बंगल्यात राहत नाही, तो झोपडपट्टीतही आलाय. तेव्हा मालक जर म्हणत असेल की छपाईचा खर्च परवडत नाही, तर त्याला सांगा, गप छाप.

पण पाटी लावून क्रांती झाली असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा थांबावं. जानेवारी २०२५ मध्ये जगभरातल्या २५ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष काय? ६०० कॅलरीच्या जेवणात पाटीमुळे सरासरी ११ कॅलरी कमी होतात. म्हणजे दीड बदाम. एवढ्यासाठी साता समुद्रापलीकडून कायदा आला. येऊ दे. माझं भांडण दीड बदामाशी नाही. माझं भांडण त्या 'सरासरी प्रौढा'शी आहे.

हा सरासरी प्रौढ कोण? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचेच २०२० चे आकडे बघा. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० कॅलरी. अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्याला ३,४७०. जड काम करणाऱ्या बाईला २,७२०. म्हणजे मेनूवरचा २,००० चा माणूस खुर्चीत बसलेला आहे. ऊस तोडणारी, विटा वाहणारा, गटारात उतरणारा, बर्गर घेऊन सहा मजले चढणारा, यातलं कोणीच त्या वाक्यात नाही. गाववेशीबाहेर होतो, आता मेनूबाहेर.

पण थांबा. सरकारने आपल्या कॅलऱ्या कधी मोजल्याच नाहीत, असं म्हणणं खोटं होईल. मोजल्या. फार मन लावून मोजल्या.

१८७७ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल नावाच्या साहेबाने कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असं ठरवलं. जेमतेम १,६०० कॅलरी, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची. १९७१ साली पुण्यात बसून दांडेकर आणि रथ यांनी २,२५० कॅलरीवर गरिबीची रेघ ओढली. १९७९ साली नियोजन आयोगाच्या गटाने खेड्यात २,४०० आणि शहरात २,१०० ठरवल्या. मधे ७२ चा दुष्काळ येऊन गेला, आपल्या आयाबाया रस्त्याच्या कामावर सुकडी खाऊन जगल्या. २०११ साली त्याच नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात लिहून दिलं की शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा माणूस गरीब नाही.

बघा गंमत. एकच शब्द, कॅलरी. शाळेच्या पुस्तकात त्याला उष्मांक म्हणतात. श्रीमंतापुढे तो येतो तेव्हा म्हणतो, जास्त खाऊ नको बाबा, तब्येत सांभाळ. गरिबापुढे येतो तेव्हा म्हणतो, एवढ्यावर तू मरत नाहीस, मग पुढं सरक. श्रीमंताला मिळते ती माहिती, गरिबाला मिळतो तो निकाल.

आजचा हिशेब घ्या. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो धान्य. तीस दिवसांत वाटा : रोज १६७ ग्रॅम. म्हणजे सुमारे ५७५ कॅलरी. आणि नुसत्या कॅलरीने अंग धरत नाही, त्याला प्रथिनं लागतात. ती कुठून आणायची? बैलाचं मटण गरिबाच्या खिशाला परवडत होतं. २०१५ साली महाराष्ट्रात तो कायदा आला आणि ते ताटातून गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्या अंड्याचा पैसा बंद केला आणि शाळांना सांगितलं, लोकवर्गणी काढा. आपल्या बापजाद्यांनी येसकरपाळीचे तुकडे खाल्ले, मेलेल्या ढोराच्या चान्या वाळवून खाल्ल्या. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मृतमांस सोडा, उष्टं सोडा, माणसासारखं जगा. आपण सोडलं. आता पोरांच्या अंड्यासाठी पुन्हा वर्गणीचं भांडं फिरवायचं?

घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर दुकानं आणि हॉटेलं हे शब्द आहेत. ते उगीच आलेले नाहीत. आपली कपबशी बाहेर कोनाड्यात पालथी ठेवलेली असायची, आपणच विसळायची, म्हणून आले. हॉटेलात शिरण्याचा हक्क आपण लढून घेतला. आत शिरून काय बघतो? काउंटरपलीकडे भांडी घासणारा आपलाच. त्याच्या ताटाची पाटी नाही.

आता घरचं बोलतो. मी तीन वर्षं सरकारी वसतिगृहात काढली. मेसच्या भिंतीवर ऑइलपेंटने आठवड्याचा मेनू रंगवला होता. बुधवारी अंडी, रविवारी मटण. ते मटण आम्ही तीन वर्षं वाचलं. डाळीच्या बादलीत तळ दिसायचा. गृहपालाला विचारलं तर म्हणाला, फुकटचं मिळतंय, गिळा. आम्ही गिळलं. आकडा माहीत नसलेल्या माणसाला गप्प करणं सोपं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून म्हणतो, त्यांचं हत्यार आहे ना, ते उचला. वजनकाटा फार महाग नाही. मेसमध्ये शिजायच्या आधी तांदूळ, पीठ, डाळ, तेल तोला. जेवणाऱ्या डोक्यांनी भागा. धान्य १०० ग्रॅम म्हणजे साधारण ३५० कॅलरी, डाळ जवळपास तेवढीच. तेलाच्या एका ग्रॅमला ९. तूरडाळीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं. सातवी पास पोरगा हे गणित करू शकतो. एक महिना रोज तोला आणि वहीत लिहा. ती वही घेऊन समाजकल्याणच्या दारात बसा. भाषणाला उत्तर देता येतं, वहीला देता येत नाही.

आपल्या मागण्या अशा :

एक, प्रत्येक सरकारी वसतिगृहाच्या आणि आश्रमशाळेच्या मेसमध्ये रोजची पाटी लागली पाहिजे, मराठीत. माणशी किती धान्य, किती डाळ, किती तेल शिजलं. ठेकेदाराचं नाव आणि त्याला मिळणारा दर.

दोन, प्राथमिक शाळेच्या दुपारच्या जेवणात कायद्याने ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरली आहेत. ती पडतात का नाही, हे शाळेच्या भिंतीवर लिहा. अंड्याचा पैसा सरकारी तिजोरीतून द्या.

तीन, ज्या हॉटेलांवर मेनूची सक्ती आहे, त्यांनी कामगाराचे तास आणि दिवसाची मजुरीही त्याच फलकावर छापावी. पार्सल नेणाऱ्यासकट सगळ्यांना कामाच्या वेळेत पोटभर जेवण द्यावं.

गाड्यावर वडे तळणाऱ्या आपल्या बायांवर मात्र कोणी ही सक्ती आणू नये. तिथं दंडाच्या नावाखाली फक्त हप्ता वाढेल.

कोणी म्हणेल, जातीअंताची लढाई सोडून हे काय डाळीचे ग्रॅम मोजत बसलात? दोस्तांनो, जात पहिल्यांदा ताटातच वाढली गेली. कोणाला तूप, कोणाला उष्टं, हे ठरवूनच ती हजारो वर्षं टिकली. ताट तोलणं हे त्या लढाईतलंच काम आहे.

परवाचा तो कार्यकर्ता पार्सल घेऊन निघाला तेव्हा पिशवीवर चिकटवलेला कागद मी वाचला. आतल्या खाण्याची किंमत होती, गिऱ्हाइकाचा मजला होता. नेणाऱ्याच्या पोटाबद्दल एक अक्षर नव्हतं. ते अक्षर आपल्याला लिहायचंय. काटे घ्या, वह्या घ्या, कामाला लागा. पुढच्या अंकात तुमच्या वसतिगृहांचे आकडे छापू. जे जे येतील ते सगळे.

जयभीम!

— संपादक