मिठाच्या जमिनी आणि ऊसदराचा लढा

कृष्णा-पंचगंगेच्या काठी शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत एके काळी भरघोस पीक देणाऱ्या काळ्या जमिनीवर आज मिठाचा पांढरा थर फुटलेला दिसतो. भारी जमिनीत निचरा मुळातच मंद; त्यात उसाला बारमाही मोकाट पाणी. भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे उरतात आणि जमीन क्षारपड होते.

हे अज्ञानातून घडले असे म्हणण्याची सोय नाही. नीरा डावा कालवा 1885 साली वाहू लागला, आणि त्या खोऱ्यातील खारवट जमिनींवर मान व तम्हाणे यांची पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने 1910 सालीच काढली. परकीय सरकारला जे दिसले, ते स्वकीय सरकारांना दिसले नाही असे नव्हे. पाहणे परवडणारे नव्हते. राज्यातील पिकांखालच्या जेमतेम 4 टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे 70 टक्के पाणी घेतो, असे कृषिमूल्य आयोगाच्या अहवालातच नमूद आहे. उसाच्या याच पट्ट्याने राज्याला सत्ताधारी पुरवले.

शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण कायद्याने बांधलेला दर आणि ठरलेला खरेदीदार दुसऱ्या कोणत्या पिकाला आहे? पाणीपट्टीही बहुधा क्षेत्रावर, मापावर नव्हे. शिवाय या नासाडीलाही वर्ग आहे. चढावरच्या बागायतदाराचे जादा पाणी झिरपत सखल भागातील अल्पभूधारकाच्या रानात उतरते. नापीक होते ती त्याची जमीन. एकट्याने निचऱ्याचे पाइप घालून भागत नाही, पाणी ओढ्यापर्यंत न्यावे लागते. शिरोळ तालुक्यात सामुदायिक निचऱ्याने पड जमिनी पुन्हा पिकू लागल्या, त्या यामुळेच.

1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने उसाला बंदी केली आणि पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणशी ठरवला; भूमिहीनही त्यात आले. पुरोगामी चळवळीने या प्रयोगाचे कौतुक केले, अनुकरण मात्र फारसे केले नाही. ऊसदराच्या आंदोलनात कार्यकर्ते रस्त्यावर उतरतात ते रास्तच आहे. पण त्या मागणीपत्रात खारावलेल्या जमिनीचा उल्लेख अभावानेच येतो. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी निचरा निधी द्यावा, खर्चाचा बोजा अल्पभूधारकावर पडू नये, पाणी मापून द्यावे आणि वाचलेले पाणी आटपाडी-जतच्या भूमिहीनांसह सर्वांना माणशी मिळावे, ही कलमे दराच्या मागणीशेजारीच लिहिली गेली पाहिजेत. त्यामुळे काही बडे बागायतदार आंदोलनातून बाहेर पडतील. पडू द्यावेत.