चकाकीच्या भक्तांनो, नळीवरचा हात काढा!

गंजाने मेलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफली मी थोड्या पाहिल्या. सफाईने मारलेल्या ढिगाने. पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोररची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे मी, त्यामुळे आता कोणाची भीडभाड ठेवायचे कारण नाही.

आधी गंजाचे मूळ सांगतो. नळी लाल का झाली विचारले, की उत्तर ठरलेले: ‘तेल लावलं होतं की!’ अरे, तेल लावले म्हणूनच तर तुम्ही निर्धास्त झोपलात. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. आपल्या खडकीच्या कारखान्यातल्या, बुडावर ‘केएफ’ उमटवलेल्या काडतुसांतही तेच. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीभर बसते. हे मिठाचेच भावंड. आर्द्रता ८४ टक्क्यांच्या आसपास गेली की त्याला पाणी सुटते, आणि जुलैत कोकणात तेवढी आर्द्रता शोधत हिंडावे लागत नाही. मीठ तेलात विरघळत नाही. वरून तेलाचे पांघरूण घेऊन ते आतले पोलाद खात बसते. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी १९२२ साली हे प्रयोगांनी दाखवून दिले. ब्रिटिश फौजेत तर नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतायची रीतच होती. पाण्याने मीठ जाते, तापलेली नळी लवकर सुकते, मग चिंधी आणि शेवटी तेल. पण पाणी पडले फुकट! त्यापेक्षा महागड्या स्प्रेवर आमची श्रद्धा जास्त.

आता दुसरे पाप. तपासणीला साहेब येतात, बोल्ट काढायला लावतात, नळीला डोळा लावतात आणि फर्मावतात, ‘चमक नाही!’ झाले. शिपाई बिचारा पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, तारेची जाळी बांधून घासत सुटतो. ही जाळी हट्टी गंजासाठी, क्वचित वापरायची वस्तू. या रायफलीच्या नळीतल्या चरांची खोली मिलिमीटरच्या दोन दशांशाहूनही कमी. रोज जाळी फिरवल्यावर तिथे उरणार काय? त्यात दोरी तिरकी ओढली की मझलची, म्हणजे नळीच्या तोंडाची, कड एका बाजूने झिजते. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो तिथेच. कड बिघडली की नेम बिघडला, मग आत आरसा बसवा.

आणि हौशी ‘दुरुस्ती’वाले? ड्रिलला ब्रश, काठीला पॉलिश पेपर, नळीत ॲसिड. गंजाने खड्डा पडला म्हणजे तेवढे पोलाद गेले, ते परत येत नाही. खड्डा दिसेनासा करायचा तर भोवतालचे पोलादही तेवढेच खरवडावे लागते. मग नळी मोठी आणि गोळी सैल. याला दुरुस्ती म्हणतात?

करायचे ते असे. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट काढा. गंज सोडवणारे पातळ तेल रात्रभर नळीत मुरू द्या. ब्राँझचा ब्रश चेंबरच्या बाजूने घालून पार बाहेर काढा, मागोमाग चिंधी. तांबडे यायचे थांबेपर्यंत हेच. फारच चिवट असेल तर झिजलेल्या ब्रशला सर्वांत बारीक स्टील वूल गुंडाळून, तेल लावून, हातानेच चालवा. मग थांबा! काळे डाग राहिले तर राहू द्या. मझल आणि चेंबरपुढचा भाग शाबूत असेल, तर डागाळलेली नळीही नेम धरते. नळी फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर मात्र सरळ मोडीत. तिथे कौशल्य दाखवू नका.

हा निवृत्त माणसाचा छंद समजू नका. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या एके-४७ समोर पोलिसांच्या हातात हीच थ्री-नॉट-थ्री होती. हत्यार जुने देता ते देता, वर त्याची नळी दिखाव्यापायी घासून संपवता?

तपासणी करायची तर चांदमारीवर चला, टार्गेटवरचे ग्रुपिंग मोजा आणि मग शेरा मारा. चकचकीत नळीच हवी असेल, तर साहेब, प्लंबरकडे भरपूर मिळतात.