धुराडं बुजवणं ही सुधारणा नव्हे!

फवारणी पंपाचा नोझल चोंदला की आपण तिथंच बांधावर बसून साफ करतो. घरातलं धुराडं चोंदलं तर? "गॅस आहे की आता!"

२०१६ ला उज्ज्वला आली, सिलिंडर आला, मान्य. पण अंघोळीचं पाणी, भाकरी, गुरांचं आंबोण अजून चुलीवरच ना? मग कौलं काढून पत्रे टाकताना धुराडं का बुजवलं? चूल ठेवली अन् धुराची वाट बंद केली. तो धूर जातो बायामाणसांच्या छातीत.

पऱ्हाटी-तुराटीचा जाळ मोठा. त्यात ओलं सरपण घातलं की काजळी साचते अन् एक दिवस तीच पेटते. ठिणगी उडते, बाजूला कडब्याची गंजी!

काम अर्ध्या दिवसाचं. चूल पूर्ण थंड करा. दोरीला काथ्याचा बोळा बांधून वरून काजळी झाडा. भेगा शेणमातीनं लिंपा. पाइप लाकडी वाशाला टेकू देऊ नका. तोंड आढ्याच्या वर २ फूट काढा, वर टोपी बसवा.

अन् थंडीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी घेऊन झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो.

"चूल बाईचं काम" म्हणणाऱ्यांनो, पत्र्यावर कोण चढतं? आणि पऱ्हाटीचं खत करा सांगणाऱ्या कृषी साहेबांनो, ती जाळणाऱ्या चुलीवरही मेळाव्यात दोन शब्द बोला!