घोडा आहे, मोतद्दार कुठाय?

परवा एका मित्राच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. जेवून सुस्तावलो होतो, तेवढ्यात टीव्हीशेजारच्या शोकेसकडे लक्ष गेलं. आत एक घोडा. पिवळसर अंग, हिरवं खोगीर, रंगाचे ओघळ पार पायापर्यंत उतरलेले. मित्र म्हणाला, "फेंगशुई रे! करिअरला वेग येतो म्हणे." मी गप्प बसलो. कारण काकू शेजारीच उभ्या होत्या, आणि असे घोडे मुळात मढ्याबरोबर पुरण्यासाठी बनायचे, हे वास्तुशांतीच्या दिवशी सांगायची माझी तरी हिंमत नव्हती.

असो. तर या प्रकाराला 'सानत्साय' म्हणतात, म्हणजे तीन रंग. चीनमधल्या तांग राजवटीतली (इ.स. ६१८ ते ९०७) ही कला. आधी मातीची मूर्ती भाजायची, मग तिला शिसं घातलेली झिलई लावून कमी आचेवर परत भाजायची. लोखंडामुळे तपकिरी-पिवळा रंग येतो, तांब्यामुळे हिरवा. शिशामुळे झिलई लवकर वितळते आणि वाहते, म्हणून ते ओघळ. माणसांच्या चेहऱ्यावर मात्र बहुतेक वेळा झिलई लावत नसत. नाक-डोळे पुसट झाले असते ना! तिथे भाजून झाल्यावर साधा रंग द्यायचे.

आणि हे सगळं कुणा एकट्या कलावंताचं काम नव्हतं बरं का. साच्यातून तुकडे काढायचे, मातीच्याच पातळ राडीने जोडायचे, आतून पोकळ ठेवायचे. सरळसरळ कारखाना. वर सरकारी नियमही होते: कुणाच्या थडग्यात किती वस्तू, ते हुद्द्यावरून ठरायचं. तिसऱ्या श्रेणीच्या आणि वरच्या अधिकाऱ्यांना ९० वस्तूंची परवानगी होती, ती ७४१ साली ७० वर आणली. सामान्य माणसाला १५. मेल्यावरसुद्धा ग्रेड सिस्टीम सुटत नाही!

आता माझी तक्रार. हा घोडा आपण कायम एकटा बघतो. कॅलेंडरवर एकटा, लिलावाच्या कॅटलॉगमध्ये एकटा, बऱ्याच म्युझियममध्येही काचेच्या पेटीत एकटाच, वरून मस्त लाईट. पण तो एकटा नव्हताच. ती एक अख्खी मिरवणूक होती: पुढे राखणदार, मग अधिकारी, घोडे, उंट आणि त्यांना धरून चालणारे मोतद्दार.

हे मला लंडनला ऑनसाईट असताना कळलं. एका शनिवारी ब्रिटिश म्युझियममध्ये गेलो होतो. तिथे लिऊ थिंगशून नावाच्या सेनाधिकाऱ्याच्या थडग्यातला समजला जाणारा संच आहे. हा गृहस्थ ७२८ साली वारला. डझनभर आकृत्या, त्यातल्या कित्येक मीटरभराच्या आसपास उंच. (त्याच लांबलचक दालनात पुढे आपल्याकडच्या मूर्ती आहेत, तिथे जास्त वेळ घालवणार होतो. राहूनच गेलं.) मी घोड्यांसाठी थांबलो होतो, पण बघत बसलो मोतद्दारांना. अशा मोतद्दारांची मूठ वळलेली असते, पण मुठीत काही नसतं. लगाम किंवा दोरी खरीखुरी असावी, ती कधीच कुजून गेली. हात अजून धरलेलाच. शेजारी घोडा असेल तर त्या मुठीचा अर्थ लागतो. नसेल तर तो नुसता हात वर करून उभा असलेला एक माणूस.

आणि हीच ताटातूट आपण करून ठेवलीय. १९०५ ते १९०९ या काळात लुओयांगकडे रेल्वे टाकताना थडगी उघडी पडली आणि बाहेरच्या बाजारात या मालाला एकदम भाव आला. ग्राहकाला हवा होता घोडा, फार तर मान वर करून ओरडणारा उंट. कुठल्या थडग्यातून आला, बरोबर कोण होतं, हे कोण लिहून ठेवणार? दुसऱ्याचा कोड डॉक्युमेंटेशनशिवाय गळ्यात पडला की आपण किती शिव्या घालतो! इथे तर डॉक्युमेंटेशन जाणूनबुजून फेकून दिलेलं. उलट १९५७ साली शीआनमध्ये पुरातत्त्ववाल्यांनी नीट खणलेलं एक थडगं घ्या. त्यात उंटाच्या पाठीवर बसलेले वादक सापडले. ते थडगं ७२३ साली वारलेल्या श्यानयू थिंगहुईचं, हे आज आपल्याला माहीत आहे. फरक एवढाच की तिथे कुणीतरी नोंद ठेवली.

कुणी म्हणेल, सुंदर वस्तू एकटीसुद्धा सुंदरच असते. मान्य. तो घोडा बघून मीही खुळावतो. पण म्युझियमने निदान पाटीवर लिहावं की याच्या शेजारी कोण होतं, आणि माहीत नसेल तर का माहीत नाही. नकली घोड्यांवर माझा राग नाही. शोकेसमध्ये नकली असलेलाच बरा, त्यासाठी कुणाचं थडगं फुटत नाही.

सोमवारी हापिसात मित्राला सगळं सांगून टाकलं. घाबरत घाबरतच. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आईला सांगू नकोस." आणि चहा संपवता संपवता, "तो घोडा धरणारा माणूस मिळतो का रे कुठे?"

दोघांनी मिळून नेटवर बरंच शोधलं. घोडे भरपूर आहेत.