बाजार खुला, जबाबदारी कुणाची?

केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाच्या पुढाकाराने २०२१ च्या अखेरीस ‘ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स’ अर्थात ओएनडीसी ही ना नफा तत्त्वावरील कंपनी स्थापन झाली. एप्रिल २०२२ मध्ये दिल्ली परिसर, बंगळुरू, भोपाळ, शिलाँग आणि कोईम्बतूर येथे तिचे प्रायोगिक काम सुरू झाले. ऑनलाइन व्यापारावर ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन कंपन्यांची बसलेली पकड या खुल्या जाळ्यामुळे सैल होईल आणि गल्लीतला वाणी, खेड्यातला विणकर, शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी हे सारे थेट देशभरच्या ग्राहकापर्यंत पोहोचतील, अशी त्यामागची अपेक्षा होती. आता या अपेक्षेचा ताळेबंद मांडायला हवा. तो मांडताना यशाचे ढोल पिटणे जितके अयोग्य, तितकेच प्रयोग फसला असे जाहीर करून मोकळे होणेही अयोग्य ठरेल.

मुळात ही कल्पना काय आहे? मॉलमध्ये कोणते दुकान दर्शनी भागात असावे, कोणाला मागचा कोपरा द्यावा, भाडे किती घ्यावे, हे सारे मालक ठरवतो. आपल्या आठवडी बाजाराला असा मालक नसतो. ग्रामपंचायत बाजारकर घेते, बाकी सौदा विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. ओएनडीसी हे संगणकाच्या जगात असा आठवडी बाजार भरवू पाहते. ते स्वतः ॲप नाही आणि दुकानही नाही. ती सर्वांनी पाळावयाची सामाईक नियमावली आहे. ग्राहकाने कोणत्याही ॲपवरून मागणी नोंदवावी, दुकानदाराने दुसऱ्याच कोणामार्फत आपला माल मांडावा, माल पोहोचवण्याचे काम तिसऱ्याने करावे आणि तरीही व्यवहार पूर्ण व्हावा. एका कंपनीच्या दूरध्वनीवरून दुसऱ्या कंपनीच्या दूरध्वनीवर बोलता येते, तसेच हे आहे.

याची गरज का भासली, हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. ॲमेझॉनने भारतात आपला बाजार २०१३ साली मांडला. २००७ साली भारतीय तरुणांनी सुरू केलेली फ्लिपकार्ट २०१८ मध्ये वॉलमार्टने सुमारे १६०० कोटी डॉलर मोजून ताब्यात घेतली. परकीय भांडवलावर चालणाऱ्या अशा कंपन्यांनी केवळ बाजारपेठ चालवावी, स्वतःचा माल विकू नये, असा आपला नियम आहे. पळवाटा बुजवण्यासाठी १ फेब्रुवारी २०१९ पासून तो अधिक कडक करण्यात आला. तरीही मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप आणि तोट्यातल्या सवलती या तक्रारी थांबल्या नाहीत. दिल्लीतील व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून जानेवारी २०२० मध्ये स्पर्धा आयोगाला चौकशीचे आदेश द्यावे लागले.

परंतु कमिशन आणि सवलती यांहून खोल असा प्रश्न खातेवहीचा आहे. वाण्याची खातेवही त्याच्या गल्ल्यात असते. कोणाच्या घरी कोणता तांदूळ लागतो, कोणाची उधारी कधी फिटते, हे तो जाणतो आणि तीच त्याची खरी पुंजी असते. मोठ्या ऑनलाइन बाजारात ही खातेवही बाजाराच्या मालकाकडे जाते. विक्रेत्याला ग्राहक दिसतो तो एका पार्सलपुरता. पाच वर्षे प्रामाणिक व्यवहार करून मिळवलेली ग्राहकांची पसंती तिथून बाहेर पडताना सोबत नेता येत नाही. शोधयादीत त्याचे नाव तिसऱ्या पानावर ढकलले गेले की, शटर उघडे असूनही दुकान बंद पडते. उद्योजकाचा असा कूळ होणे हा या विषयातला कळीचा मुद्दा आहे.

आता प्रत्यक्ष अनुभवाकडे वळू. या जाळ्याचे सर्वांत बोलके यश बंगळुरूच्या रिक्षांमध्ये दिसले. ‘नम्मा यात्री’ या ॲपने भाड्यातून कमिशन कापण्याऐवजी चालकाकडून ठरावीक अल्प शुल्क घेतले आणि मोठ्या कंपन्यांनाही आपली पद्धत बदलण्याचा विचार करावा लागला. २०२४ मध्ये जाळ्यावरील मासिक व्यवहारांनी एक कोटीचा टप्पा ओलांडला; त्यात प्रवासी वाहतुकीचा वाटा मोठा होता. किराणा आणि खाद्यपदार्थांचे चित्र मात्र वेगळे आहे. अनुदानातून सवलती मिळत होत्या तोवर मागणी वाढली. त्या आटल्या तशी २०२५ च्या प्रारंभी ती ओसरली. एप्रिल २०२३ मध्ये वाजतगाजत आलेल्या फोनपेच्या ‘पिनकोड’नेही पुढे आपली दिशा बदलली.

हा फरक का पडला? रिक्षाचा व्यवहार समोरासमोर सुरू होतो आणि समोरासमोर संपतो. वस्तूंचे तसे नसते. मागवलेली साडी दुसऱ्याच रंगाची आली, तर ग्राहकाने दाद कोणाकडे मागायची? ॲप विक्रेत्याकडे बोट दाखवते, विक्रेता वाहतूकदाराकडे आणि वाहतूकदार पुन्हा ॲपकडे. तक्रार निवारणाची चौकट जाळ्याने आखली आहे. पण गृहिणीला चौकट नको असते, तिला पैसे परत हवे असतात. बड्या कंपन्यांचे वर्चस्व परकीय भांडवलावर उभे आहे हे खरे, पण ते माल निमूटपणे परत घेण्याच्या त्यांच्या व्यवस्थेवरही उभे आहे. हे मान्य केल्याशिवाय स्पर्धेची भाषा पोकळ ठरेल.

ओएनडीसीचे समर्थक यूपीआयचा दाखला देतात. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने भाजीवाल्याच्या हातगाडीपर्यंत मजल मारली, हा आपल्या तंत्रज्ञांचा पराक्रमच आहे. पण रुपया कोठूनही आला तरी रुपयाच असतो. तूरडाळीचे तसे नाही. यूपीआयचा दुसरा धडा याहून गंभीर आहे. व्यवस्था सर्वांसाठी खुली असूनही तिच्यावरील ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपवर एकवटले. फोनपेवर वॉलमार्टचे नियंत्रण, तर गुगल पे गुगलचेच. कोणत्याही ॲपचा वाटा ३० टक्क्यांहून अधिक नसावा, असा दंडक नोव्हेंबर २०२० मध्ये ठरला. त्याची मुदत पुढे ढकलत ३१ डिसेंबर २०२६ वर नेण्यात आली. मार्ग आपण बांधला, वाहने त्यांची धावली. खुलेपणा एकदा जाहीर करून टिकत नाही, त्याची राखण करावी लागते.

म्हणून धोरणकर्त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. ग्राहकाकडून जो पैसे स्वीकारतो, त्यानेच प्रथम परतफेड करावी आणि मग आपसात हिशेब मिटवावा, हा नियम निरपवाद असावा. विक्रेत्याने कमावलेली पत त्याच्या मालकीची असावी आणि ॲप बदलले तरी ती त्याच्यासोबत जावी. एका ॲपच्या वाट्याची मर्यादा मक्तेदारी माजण्यापूर्वीच ठरावी. दहा मिनिटांत घरपोच माल देण्याच्या शर्यतीत मात्र या जाळ्याने उतरू नये. ती शर्यत गोदामांची आणि भांडवलाची आहे. जाळ्याची शक्ती विविधतेत आहे. २०२४ च्या प्रारंभापर्यंत सुमारे पाच हजार शेतकरी उत्पादक कंपन्या त्यावर नोंदल्या गेल्या होत्या, ही बाब आशादायक आहे.

सगळा भार सरकारवर टाकून मात्र समाजाला मोकळे होता येणार नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने संगणकाशिवाय असेच जाळे विणले. कुटुंबांचे गट करून याद्या जमवायच्या, उत्पादकांकडून एकत्र खरेदी करायची आणि कोणाच्या तरी घरी मालाचे वाटप करायचे. ते टिकले, कारण प्रत्येक टप्प्यावर उत्तर देणारा ओळखीचा माणूस होता. आज हीच भूमिका तालुक्याचे व्यापारी संघ, ग्राहक भांडारे आणि बचत गटांचे महासंघ घेऊ शकतात. एकट्या दुकानदाराला मालाची छायाचित्रे, शिल्लक साठ्याची नोंद, परतीचा माल हे सारे झेपत नाही. पन्नास दुकानदारांच्या संघाला झेपेल. कार्यकर्त्यांनीही अशा दुकानदारांची पहिली यादी संगणकावर चढवून द्यावी. हे काम भाषणापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

त्याचबरोबर दुकानदारालाही चार गोष्टी सांगाव्या लागतील. पक्के बिल, चोख वजन, लिहिलेली किंमत आणि खराब माल विनातक्रार बदलून देणे ही पथ्ये पाळल्याविना ‘आपल्या माणसाकडून घ्या’ हे आवाहन फार काळ चालणार नाही. स्वदेशीची निष्ठा हा निकृष्ट सेवेचा परवाना नव्हे.

खुले जाळे प्रस्थापित ऑनलाइन बाजारांशी स्पर्धा करू शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण ते सशर्त आहे. तंत्रज्ञानाने दार उघडून दिले आहे. त्या दारात उभे राहून ग्राहकाला ‘जबाबदारी माझी’ असे सांगणारा संघटित व्यापारी उभा राहिला, तरच हा बाजार नावाप्रमाणे खुला राहील.